मागच्या फाटकावरचा परिच्छेद

"आज के इस आधुनिक युग में..."

पहिल्या वहीत हे वाक्य वाचून अन्नपूर्णा कापगते नुसती हसली. दुसऱ्या वहीतही तेच होतं. पाचव्या वहीला तिनं लाल पेन खाली ठेवला आणि उरलेल्या सगळ्या वह्यांची फक्त पहिली ओळ पाहून घेतली. नववी 'ब'ची सगळी पोरं आधुनिक युगातून सुरुवात करून, मोबाईलच्या फायद्यातोट्यांवरून फिरून शेवटी "हमें इसका सदुपयोग करना चाहिए" इथं येऊन थांबली होती. शाळेत मोबाईल असावा की नसावा, या एवढ्या साध्या प्रश्नावर एकाही पोरानं हो किंवा नाही म्हटलं नव्हतं.

तिनं वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला. हे वाक्य पोरांचं नव्हतंच, गाईडातलं होतं. पोरांनी ते पाठ केलं होतं, आणि पाठ केलं तर मार्क मिळतात हे त्यांना शाळेनंच शिकवलं होतं.

शाळा खाजगी, हिंदी माध्यमाची, दुर्गजवळच्या पोलाद कारखान्याच्या गावातली. पुढचं फाटक वैशाली नगरकडच्या मोठ्या रस्त्यावर, मागचं कोहका वस्तीच्या गल्लीत. अन्नपूर्णा राहायला कोहक्यातच होती. तिचे वडील साकोलीकडची शेती भावावर सोडून या प्लांटमध्ये कामाला लागले, ती इथंच कामगारांच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वाढली. नवरा भूषण दुर्गला रेल्वेत. घरात मराठी, बाहेर हिंदी, अशीच तिची उमर गेली. वर्गात ती हिंदीतूनच बोले. इथं ते मराठीत सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं ते वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"हे आजपासून बंद."

वर्गात कुजबुज झाली. पहिल्या बाकावरचा पियूष उभा राहिला. वैशाली नगरात त्याच्या वडलांचं टाईल्सचं दुकान होतं. पोरगा हुशार, पण प्रत्येक गोष्टीला नियम काय ते आधी विचारणारा.

"मग सुरुवात कशी करायची, मॅडम?"

"तुला काय पाहिजे?"

"म्हणजे?"

"समोरच्याला पटवायचं म्हणजे त्याच्याकडून काहीतरी मागायचं. काय मागतोस ते पहिल्याच वाक्यात सांग, हात न जोडता. मग कारण सांग. मग ते खरं कशावरून ते सांग. बोला, तुम्हाला काय पाहिजे? पाणी वाचवा, झाडं लावा नको. तुम्हाला, स्वतःला."

आजवर हा प्रश्न त्यांना वर्गात कोणी विचारलाच नव्हता. मग मागच्या बाकावरून आवाज आला.

"मागचं फाटक उघडलं पाहिजे."

दिपाली लांजेवार. बोलून झाल्यावर तीच घाबरली आणि खाली बघायला लागली. ही गोष्ट वर्गात सगळ्यांनाच ठाऊक होती.

जूनमध्ये शाळेची पुढची बाजू नवी झाली. काच लागली, ग्रॅनाईट लागलं, नावाची अक्षरं रात्री पेटायला लागली. त्याच वेळी मागच्या फाटकाला कुलूप पडलं. आधी कोहक्याची पोरं त्या फाटकातून दोन गल्ल्या ओलांडून घरी पोचत. आता त्यांना पुढून निघून मोठ्या रस्त्यानं सगळा वळसा घालावा लागे. त्या रस्त्यावरून दिवसभर रेतीचे डंपर धावत. दिपालीचं घर तर मागच्या भिंतीला लागूनच होतं. तिचा धाकटा भाऊ गोलू याच शाळेत दुसरीत. रोज ती त्याचं मनगट धरून तो वळसा घाले.

मोबाईलवर लिहिणं सोपं होतं. शाळेच्याच फाटकावर लिहायचं म्हणजे काय, हे अन्नपूर्णाला कळत होतं.

"लिही," ती म्हणाली. "सगळेच लिहा."

दिपालीनं पहिल्या दिवशी जे लिहिलं ते तिनं उभं राहून वाचलं. फाटक बंद असल्यामुळे रोज निरपराध मुलांचे जीव जात आहेत, असं त्यात होतं.

"कोण मेलं?" अन्नपूर्णानं विचारलं.

"कोणी नाही, मॅडम."

"मग खोडून टाक."

"पण मरू शकतं ना कोणी!"

"शकतं. मग तसं लिही. एक वाक्य खोटं निघालं की समोरचा बाकीची खरी वाक्यं वाचत नाही. त्याला सुटायला जागा आपणच करून देतो."

दिपालीनं खोडलं. खोडल्यावर परिच्छेदात फारसं उरलंच नाही. ती रडकुंडीला आली.

"आता दुसरी बाजू," अन्नपूर्णा वर्गाकडे वळली. "फाटक बंदच राहावं, असं कोण लिहील? आणि वाईट नाही लिहायचं. संचालक सर स्वतः लिहितील त्यापेक्षा चांगलं लिहायचं."

पियूषनं हात वर केला. तो गाडीनं यायचा, मागच्या फाटकाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं वाचलं तेव्हा वर्ग कान देऊन ऐकत राहिला. मागून बाहेरची माणसं आत येत. दोन सायकली चोरीला गेल्या होत्या. मधल्या सुटीत मोठी पोरं तिथून पानठेल्यावर सटकत. रखवालदार एकच, त्याला दोन फाटकांवर डोळा ठेवता येत नाही. आणि मूल घरच्यांच्या हाती जाईपर्यंत त्याची जबाबदारी शाळेची असते.

ऐकता ऐकता दिपालीचा चेहरा लाल झाला. ती भर वर्गात घरच्या मराठीत बोलून गेली.

"मॅडम, हा तर बरोबर बोलून राहिला!"

सगळे हसले. अन्नपूर्णाही हसली.

"बरोबर बोलतोय. म्हणूनच आता खरं काम सुरू होतं. त्याचं काय खरं आहे ते आधी मान्य कर. आणि ते मान्य करूनही तुझं मागणं उभं राहतं का, ते बघ. चला, आज शाळा सुटल्यावर सगळे पुढच्या फाटकाशी थांबा. बोलायचं नाही. नुसतं बघायचं."

त्या दुपारी नववी 'ब' भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रस्त्याला फुटपाथ नव्हता. डांबर आणि नाली यांच्यामध्ये मातीचा एक अरुंद पट्टा होता, चालायची जागा काय ती तेवढीच. सुटीच्या घंटेआधीच त्या पट्ट्यावर गाड्या येऊन लागल्या, एकीला एक चिकटून. घंटा झाली. लहान पोरं बाहेर आली, गाड्यांपाशी येऊन अडली, आणि मग काय करणार, डांबरावर उतरली.

गोलू एका पांढऱ्या गाडीला वळसा घालून रस्त्यात उतरला. मागून डंपरचा भोंगा वाजला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, चाकं करकरली, धूळ उडाली. दिपाली किंचाळून धावली. गोलू डंपरपासून दोन हातांवर दप्तर छातीशी धरून उभा होता. त्याला काही झालं नव्हतं. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून शिवी दिली आणि गाडी पुढं नेली.

पांढऱ्या गाडीच्या काचा बंद होत्या. आत माणूस फोनवर बोलत होता. त्याला काही ऐकूही गेलं नव्हतं.

पियूष मान खाली घालून त्या पांढऱ्या गाडीकडे गेला आणि दार उघडून आत बसला.

दुसऱ्या दिवशी तो अन्नपूर्णाच्या टेबलाशी आला.

"मॅडम, आधी बंदच्या बाजूनं लिहिलं, आता उघडायच्या बाजूनं लिहिलं, तर चालतं?"

"तुझं मत बदललं असेल तर चालतं. कशामुळे बदललं, तेही लिही."

आठवडाभर वर्गानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. एकमेकांचे परिच्छेद वाचून पोरं भांडली. शेवटी दिपालीचा परिच्छेद असा झाला:

"शाळा सुटताना मागचं फाटक अर्धा तास उघडं ठेवावं. ते बंद असल्यामुळे कोहक्याच्या मुलांना पुढच्या रस्त्यानं जावं लागतं, आणि तिथं चालायला जागा नाही. कडेच्या मातीवर मुलांना घ्यायला आलेल्या गाड्या उभ्या असतात, म्हणून लहान मुलं डंपरच्या रस्त्यात उतरतात. हे आम्ही उभं राहून पाहिलं आहे; कोणीही येऊन पाहू शकतं. फाटक बंद करण्यामागची शाळेची काळजी खरी आहे. मागून बाहेरची माणसं येत होती, सायकलीही गेल्या. पण सायकली गेल्या त्या भरदुपारी, शाळा भरलेली असताना. तेव्हा बाकी दिवसभर कुलूप राहू द्यावं. रखवालदार एकच आहे हेही खरं, म्हणून सुटीच्या वेळी फाटकाबाहेर आमचे आईवडील पाळीपाळीनं उभे राहतील. हे सोमवारपासून करता येईल."

अन्नपूर्णानं तो वाचला आणि लाल पेनाचं टोपण काढलंच नाही. वर्गाबाहेरच्या फलकावर तिनं दिपालीचा, पियूषचा आणि आणखी काही पोरांचे कागद टाचले. बंदच्या बाजूचा पियूषचा पहिला कागदही लावला.

मधल्या सुटीनंतर संचालकांचं बोलावणं आलं.

दौलतराव गहाणे साठीचे. तुमसरकडून आलेले. टिनाच्या दोन खोल्यांत त्यांनी ही शाळा सुरू केली तेव्हा फळा स्वतः पुसत. माणूस वाईट नव्हता. पण पुढची काच लागल्यापासून त्यांचं सगळं लक्ष त्या बाजूनं येणाऱ्या लोकांवर होतं. शाळेला एकच तोंड पाहिजे, असं ते म्हणत. अन्नपूर्णाशी ते खोलीत मराठीतच बोलत.

"बसा, अन्नपूर्णाबाई. घरी बरं हाय ना सगळं?"

"हाव, सर."

"हे काय टांगून ठेवलं तुमी भिंतीले?"

"परिच्छेद हायेत, सर. अभ्यासक्रमात हाय ते."

"अभ्यासक्रमात पाणी वाचवा, झाडं लावा, असे विषय असते. माह्या फाटकावर कावून आल्या तुमी?"

"मी नाई आली. पोराइले विचारलं काय पाहिजे, त्याइनं फाटक सांगतलं."

दौलतरावांनी समोरचा कागद उचलला. शिपायानं काढून आणलेला दिपालीचा कागद होता तो.

"यात एखादं वाक्य खोटं असन तर दाखवा, सर," अन्नपूर्णा म्हणाली. "मी आत्ताच्या आत्ता सगळे कागद काढते."

त्यांनी चष्मा लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पुन्हा वर जाऊन मधलं एक वाक्य वाचलं. पंखा फिरत होता. त्यांनी चष्मा काढला.

"खऱ्या-खोट्याची गोष्ट नाई हे. पोट्ट्याइनं शाळेले असं सांगावं का?"

"मंग कसं सांगावं?"

"हे पाहा," त्यांचा आवाज खाली आला, "आपून एका बाजूचे लोक. इतक्या लांब येऊन उभे राह्यलो. आपल्याच माणसानं आपले पाय ओढले तर बाहेरच्याले काय बोलावं? तुमच्याकडून मले ही अपेक्षा नोती."

हा घाव बरोबर बसला. अन्नपूर्णाला सासरची, माहेरची चार माणसं आठवली, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवातल्या दौलतरावांच्या बायकोचा चेहराही आठवला. पण तिच्या डोळ्यांसमोर डंपरपुढं दप्तर धरून उभा असलेला गोलूही होता.

"आपलेच आहा, म्हणून तर तोंडावर सांगून राहिली," ती म्हणाली. "लांजेवारही आपल्याच बाजूचे हायेत, सर. भिंतीच्या मागं राह्यतेत, एवढाच फरक."

"ते कागद काढा."

"मी नाई काढणार."

दौलतरावांनी घंटीवर हात मारला आणि शिपायाला आत बोलावलं.

सकाळी फलक रिकामा होता. टाचण्यांना कागदाचे कोपरे तेवढे लटकत होते. नववी 'ब' पेटली होती. मागच्या बाकावरची तीनचार दांडगी पोरं उठून उभी राहिली.

"मॅडम, ताला ही तोड़ देते हैं!"

"तोडा," अन्नपूर्णा शांतपणे म्हणाली. "म्हणजे कोहक्याच्या बाजूनं चोर येतात, हे पियूषच्या पहिल्या कागदातलं म्हणणं तुम्हीच खरं करून दाखवाल."

पोरं खाली बसली.

"दिपाली, परिच्छेद पाठ केला होतास?"

"नाही, मॅडम."

"आठवतो?"

दिपालीनं विचार केला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. "कशानंतर काय येतं ते माहीत आहे," ती म्हणाली. "मागणी, मग कारण, मग पाहिलेलं, मग सरांचं म्हणणं..."

"मग लिही परत."

त्या तासाला सगळ्या वर्गानं पुन्हा लिहिलं. गाईडातली एखादी ओळ विसरली तर पोरं आजवर पुढचं सगळंच सोडून देत. आज कोणी अडलं नाही. काहींचं तर कालच्यापेक्षा चांगलं उतरलं. मधल्या सुटीत पोरांनीच फलक भरला. कागद मावेनात, तेव्हा खिडकीच्या गजांना बांधले.

शेवटच्या तासाआधी अन्नपूर्णाला आदेश मिळाला. उद्यापासून नववीचं हिंदी दुसरे सर घेतील. अन्नपूर्णाबाईंनी पहिलीचा वर्ग सांभाळावा.

संध्याकाळी तिनं भूषणला सांगितलं. तो ड्यूटीवरून आला होता, पायरीवर बसून बूट काढत होता.

"मंग? सोडतं का नोकरी?"

"मी कावून सोडू? त्याइले काढायचं असन तर काढावं. अन् कावून काढलं ते लिहून द्यावं."

भूषण मोठ्यानं हसला. "ते काई लिहून देत नाई तुले. पहिलीच शिकव."

तिकडे भिंतीपलीकडच्या घरात दिपालीच्या वडलांपर्यंत गोष्ट पोचली होती. कमलेश लांजेवार प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला होता. कमी बोलणारा माणूस. त्यानं दिपालीला जवळ बसवलं.

"मोठ्या लोकाइच्या नादी नोको लागू, बेटा. दहावी होऊ दे आधी."

"बाबा, तुमी एकदा वाचून तर पाहा."

त्यानं कागद घेतला. ओठ हलवत सगळं वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलं? आमचे आईवडील पाळीनं उभे राहतील. मले विचारलं होतं का तू?"

आठवडाभर दिपालीनं प्रत्येक वाक्य घासूनपुसून पाहिलं होतं. हे एक तसंच राहून गेलं होतं.

"नाई विचारलं."

"मंग हे खोटं झालं."

"हाव," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण नजर तिनं खाली केली नाही. "आता विचारून राहिली. राह्यसान का उभे?"

कमलेशनं कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली, गमछा खांद्यावर टाकला आणि बाहेर निघून गेला.

शनिवारी पालकांची सभा होती. हॉलमध्ये पुढच्या खुर्च्यांवर वैशाली नगरची मंडळी, मागं कोहक्याची. पहिलीची वर्गशिक्षिका म्हणून अन्नपूर्णा भिंतीजवळ उभी होती. दौलतराव शाळेच्या नव्या रूपावर बोलले, टाळ्या झाल्या. "किसी को कुछ पूछना है?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं आणि नेहमीसारखेच माईक ठेवायला वळले.

"मुझे कहना है, सर."

दिपाली उभी होती. हातात कागद नव्हता. तिनं मागणी सांगितली. कारण सांगितलं. रस्त्यावर काय पाहिलं ते सांगितलं, डंपरचं सांगितलं, पण भावाचं नाव घेतलं नाही. शाळेची काळजी खरी आहे म्हणाली, तेव्हा दौलतरावांनी मान वर केली. सायकली केव्हा गेल्या तेही तिनं सांगितलं. मग ती रखवालदारापाशी आली आणि थांबली.

पुढचं वाक्य तिला येत होतं. पण ते खरं आहे की नाही, हे तिला माहीत नव्हतं. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. दौलतराव म्हणाले, "ठीक है बेटी, बैठो."

ती बसली नाही. आणि ते वाक्यही बोलली नाही. नुसती उभी राहिली.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कमलेश उभा राहिला होता. पहिली पाळी करून तो तसाच आला होता, प्लांटच्या कपड्यांवर.

"फाटक पे मैं खड़ा रहूँगा," तो म्हणाला. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, तरी तो पुढच्या रांगेपर्यंत पोचला. "जिस हफ्ते पहली पाली है, उस हफ्ते मैं."

"अन् मी रोज," त्याच्या शेजारून राधाबाई म्हणाली. ती भाजी विकायची, नात पहिलीत होती. "दुपारी माहा ठेला तसाही त्याच गल्लीत राह्यते."

मग आणखी एक हात वर झाला. मग आणखी दोन. दिपाली वळून बघत होती. मग तिनं समोर तोंड केलं आणि आपलं वाक्य पूर्ण केलं: "सर, सुट्टी के समय फाटक के बाहर हमारे घर के लोग खड़े रहेंगे. यह सोमवार से हो सकता है."

ती खाली बसते न बसते तोच पहिल्या रांगेमागं पियूष उभा राहिला.

"सर, फाटक बंद रखने वाला पैराग्राफ मेरा था. पर एक बात उसमें छूट गई थी. बच्चे सड़क पर इसलिए उतरते हैं कि किनारे पर हमारी गाड़ियाँ खड़ी रहती हैं. मेरे पापा की भी."

"बैठ," त्याचे वडील दात आवळून म्हणाले.

पियूषचे कान तापले होते. "बस हो गया, पापा," तो म्हणाला, आणि मगच बसला.

दौलतरावांनी घसा खाकरला. "इस पर विचार किया जाएगा," म्हणून सभा संपवली.

सोमवारी फाटक बंदच होतं.

सुटीची घंटा झाली आणि कोहक्याची पोरं पुढं न जाता मागं वळली. कोणी घोषणा दिल्या नाहीत, दगडाला हात लावला नाही. फाटकापाशी जाऊन ती ओळीनं उभी राहिली. गजांच्या पलीकडे गल्लीत कमलेश होता, राधाबाई होती, आणखी दहापंधरा माणसं होती. अन्नपूर्णा पहिलीच्या वर्गातली कोहक्याची पिल्लं घेऊन आली. दोन तिच्या बोटांना, बाकीची पदराला आणि एकमेकांना धरून.

शिपायानं वर्दी दिली असावी. दौलतराव लगबगीनं आले.

"काय तमाशा चालवला हा?"

"तमाशा नाई, सर," गजांपलीकडून कमलेश म्हणाला. "पाळी हाय माही."

दौलतराव अन्नपूर्णाकडे वळले. "बाई, सांगा याइले. पुढून जा म्हणा."

"मी नाई सांगणार, सर. माह्या वर्गातले लेकरं त्या रस्त्यानं मी आता पाठवत नाई. मलेही इकडूनच जायचं हाय."

"नोकरीचं काई वाटते का तुमाले?"

"वाटते ना. म्हणूनच लेकराइपाशी उभी हाय."

कोणी हललं नाही. ऊन चांगलंच होतं. पहिलीची दोन पोरं मातीत फतकल मारून बसली, एकाला सू लागली होती. दौलतरावांनी त्या ओळीवरून नजर फिरवली. पोरं त्यांच्याकडे बघत होती, उद्धटपणानं नव्हे, पण टक लावून. त्यांना रागवायला काही सापडत नव्हतं.

"अन् एखादं लहान पोट्टं गर्दीत भलत्याच्याच हाती गेलं तर?" त्यांनी विचारलं. आवाजात आता रागापेक्षा भीती जास्त होती. "उद्या कोण जबाब देईन? तुमी?"

हा प्रश्न परिच्छेदात नव्हता. पियूषलाही तो सुचला नव्हता. दिपाली पुढं आली.

"हे आमी लिहिलं नाई, सर. आमच्या ध्यानातच नाई आलं," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती त्यांच्याशी मराठीत बोलत होती. "पण असं करता येते. नववीचे पोरं लहान्याइचे हात धरतीन. ज्याच्या घरचं माणूस दिसन त्यालेच सोडतीन. कोणी नाई आलं तर पोरगं आतच राहीन, मॅडमपाशी."

दौलतरावांनी खिशातून चावी काढली.

"अर्धा तास. त्याच्यावर एक मिनिट नाई."

पावसाळाभर न उघडलेलं कुलूप गंजून बसलं होतं. चावी आत जाईना, गेली तर फिरेना. दौलतरावांच्या कपाळावर घाम आला. कमलेशनं गजांतून हात घालून कुलूप खालून घट्ट धरलं. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा ते खटकन उघडलं.

राधाबाईची नात सगळ्यात आधी बाहेर पळाली. नववीच्या पोरांनी तिला परत आत ओढलं आणि हाताला धरून आजीकडे नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर अन्नपूर्णा संचालकांच्या खोलीत गेली.

"आता काय?" दौलतराव म्हणाले. "उघडलं ना फाटक?"

"फाटक पोराइनं मागतलं होतं. मले नववी पाहिजे."

"ते होत नाई. त्या वर्गाले आता गाईडानं शिकवतीन, बोर्डाचा पाया हाय तो. तुमी पहिलीतच राहा. या वर्षी अन् पुढच्याही वर्षी."

त्यांना वाटलं होतं ती रडेल, किंवा राजीनामा पुढं करेल. अन्नपूर्णानं साडीचा पदर कमरेला खोचला.

"ठीक हाय," ती म्हणाली. "पहिलीचे लेकरं आठ वर्षांनी नववीतच येतेत, सर. मले घाई नाई."

ती व्हरांड्यातून पहिलीच्या वर्गाकडे निघाली. आतून कोणाच्या तरी रडण्याचा आणि दहा जणांच्या भांडणाचा आवाज येत होता. तिनं दारातूनच मोठ्यानं विचारलं, "काय झालं? एकेकानं सांगा. आधी कोण?"